लाजरी घोरपड माणसाळते का?

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतो. वाढदिवसाला त्याला घोरपड हवी आहे. तिकडे दुकानात मिळते म्हणे! पण त्याच्या मित्राकडची घोरपड दिवसच्या दिवस मातीत दडून बसते आणि हात पुढे केला की शेपटीचा फटका मारते. घोरपड खरोखर माणसाळते का? घ्यायचीच झाली तर कोणती घ्यावी? तानाजी मालुसऱ्यांची यशवंती घोरपड तर दोर घेऊन कोंढाण्याचा कडा चढली होती ना? (एक आजी, सांगली)

उत्तर : आजी, यशवंतीपासूनच सुरुवात करू. फेब्रुवारी 1670 मध्ये कोंढाणा सर झाला हा इतिहास आहे. घोरपडीने दोर वर नेला ही गोष्ट मात्र पोवाड्यातून आपल्यापर्यंत आली. सभासदाच्या बखरीत कडा चढणारे मावळे आहेत, घोरपड नाही. घोरपड उभा कडा चढते हे खरे. कपारीत शिरून अंग फुगवले की तिला ओढून काढणे कठीण जाते हेही खरे. पण दोराचे ओझे घेऊन सांगितल्या जागी जाणे हे निराळे काम आहे. मालकाला खूश करण्याची जी ओढ कुत्र्यात असते, ती घोरपडीत नसते.

म्हणून ती मठ्ठ आहे असे मात्र नाही. 1927 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दोन कोमोडो ड्रॅगन आले. कोमोडो ड्रॅगन म्हणजे घोरपडींच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. तिथल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागप्रमुख जोन प्रॉक्टर त्यांतल्या सुंबावा नावाच्या ड्रॅगनला बरोबर घेऊन फिरत आणि पुढच्याच वर्षी त्याला त्यांनी शास्त्रज्ञांच्या सभेतही आणले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातली क्रॅकन नावाची मादी आपल्या रखवालदारांना ओळखत असे आणि त्यांच्या खिशातला रुमाल हळूच ओढून काढत असे. तेव्हा माणसाळणे शक्य आहे. फक्त घोरपडीच्या बाबतीत माणसाळणे म्हणजे लळा लागणे नव्हे. या माणसापासून धोका नाही, उलट याच्यामुळे खायला मिळते, एवढे तिला पटणे म्हणजे माणसाळणे.

आता नातवाच्या मित्राकडच्या घोरपडीकडे वळू. ती लाजते असे आपण म्हणतो, पण खरे तर ती घाबरलेली असते. रानात लहान घोरपडीला शिकारी पक्षी, साप आणि मोठ्या घोरपडीही खातात. वरून झडप आली की पळायचे आणि पळता आले नाही तर गळा फुगवून फुसकारायचे, शेपूट हाणायचे, हे ज्या पिल्लांना जमले तीच जगली. आपला हात नेमका वरूनच येतो. त्यामुळे त्या शेपटीच्या फटक्यात राग किंवा खोडसाळपणा शोधू नये.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. दडून बसते म्हणून पेटीतली माती कमी करतात, लपायच्या जागा काढून घेतात, म्हणजे आपोआप दिसत राहील आणि सवय होईल. परिणाम नेमका उलटा होतो. लपायला जागा नसलेली घोरपड दिवसभर धास्तावलेली राहते. ती नीट खात नाही, ऊन घ्यायलाही येत नाही. बीळ खणता येईल अशी किमान फूटभर, जमल्यास त्याहून खोल माती आणि अंगाला घासून बसेल अशा चार-दोन कपारी दिल्या की ती तोंड बाहेर काढून बसू लागते. पाठीशी बीळ आहे म्हटल्यावर समोरच्या माणसाकडे बघत बसायला तिला भीती वाटत नाही.

दुसरा गैरसमज त्याहून घातक आहे. ‘आमची घोरपड अगदी शांत आहे, मांडीवर पडून राहते,’ असे कोणी सांगितले तर आधी पेटीतला उष्णतेचा दिवा पाहावा. घोरपडीचे रक्त आपल्यासारखे आतून तापत नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच तिचे स्नायू चालतात आणि अन्न पचते. अंग गार असेल तर तिला पळताच येत नाही, आणि आपण तिला शहाणी म्हणतो. तसेच रोज जबरदस्तीने धरलेली घोरपड काही दिवसांनी धडपड सोडून डोळे मिटून घेते. तिची भीती गेलेली नसते. सुटकेचा उपाय उरला नाही एवढेच तिला कळलेले असते. अशी घोरपड कधीतरी अचानक चावते. तिचा चावा प्राणघातक नसला तरी दात मागे वळलेले आणि जबडा घट्ट, त्यामुळे जखम चांगलीच खोल होते.

मग करायचे काय? पहिले काही आठवडे हातच लावायचा नाही. पेटीजवळ रोज ठरल्या वेळी बसायचे, वाचायचे, अभ्यास करायचा. आपला वापरलेला सदरा आत ठेवावा, कारण घोरपड दुभंगलेल्या जिभेने वास टिपते आणि माणूस तिला आधी वासानेच कळतो. खाणे लांब चिमट्याने द्यावे. बोटांनी भरवले तर बोट आणि भक्ष्य यांत तिचा गोंधळ होतो. ती चिमट्यापर्यंत बिनधास्त येऊ लागली की उघडा तळवा जमिनीलगत ठेवायचा आणि तसाच राहू द्यायचा. एक दिवस ती येऊन जिभेने तळवा चाचपते, मग पुढचा पाय ठेवते, मग निघून जाते. जाऊ द्यावे. परत जाता येते हे कळल्यावरच ती पुन्हा येते. याला महिने लागतात. काही घोरपडी जन्मभर एवढ्यावरच थांबतात, आणि तेही मान्य करायला हवे.

निवडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तिकडे सर्वांत स्वस्त मिळते ती सॅव्हाना घोरपड. ती पश्चिम आफ्रिकेतली. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तिची पिल्ले हजारोंनी पाठवली जातात. पिल्लू तळहातावर मावते, पण पुढे तीन फुटांपर्यंत वाढते आणि तिला लहान खोलीएवढी जागा लागते. रानात ती किडे, विंचू आणि गोगलगायी खाते. घरात तिला उंदीर चारतात आणि ती लठ्ठ होऊन अकाली मरते. नाईल घोरपडीचे पिवळ्या ठिपक्यांचे पिल्लू फार देखणे असते, पण ती पाच-सहा फूट होते आणि सहसा निवळत नाही. लोकांनी कंटाळून सोडलेल्या किंवा निसटलेल्या नाईल घोरपडींनी फ्लोरिडात केप कोरल भागात ठाण मांडले, आणि 2021 मध्ये त्या राज्याने ती पाळण्यावर बंदी घातली.

नातवाने हट्ट सोडला नाहीच, तर ऑस्ट्रेलियातली काटेरी शेपटीची छोटी घोरपड, अ‍ॅकी, त्यातल्या त्यात योग्य. ती शेपटीसकट दोन-सव्वादोन फूट होते आणि रातकिडे, झुरळे आवडीने खाते. ऑस्ट्रेलिया आपले वन्यजीव विक्रीसाठी बाहेर पाठवू देत नाही, त्यामुळे अमेरिकेत मिळणारी अ‍ॅकी बहुधा तिथेच अंड्यातून निघालेली असते. माणसांच्या वावरात वाढलेले पिल्लू लवकर निवळते. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, की हे कोणाकडे जन्मले. डोळे टपोरे, शेपटीचे बूड भरलेले, अंगावर गोचीड नाही आणि आपल्यासमोर खाते, एवढे पाहावे. पण अ‍ॅकीलाही ऊन घेण्याची जागा 50-60 अंश सेल्सिअस तापलेली लागते, आणि ती पंधरा वर्षे जगू शकते. नातू कॉलेजला दूर गेल्यावर तिचे कोण करणार, हे त्याच्या आईवडिलांनी आजच ठरवावे. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर मुळीच आणू नये. या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात. मोठ्यांनीही दर वेळी साबणाने हात धुवावेत.

एक गोष्ट मात्र इथल्या वाचकांसाठी. हे सारे तिकडचे झाले. भारतात आढळणाऱ्या चारही जातींच्या घोरपडी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पकडणे, पाळणे, मारणे किंवा त्यांचे मांस, तेल, अवयव विकणे या गुन्ह्याला किमान 3 आणि कमाल 7 वर्षे कैद आहे. परसात घोरपड दिसली तर तिच्या वाटेला जाऊ नका. उंदीर, किडे खाऊन ती आपल्या रस्त्याने निघून जाते. घरात अडकली असेल तर दार उघडे ठेवून सगळ्यांनी बाजूला व्हावे, आणि तरीही निघाली नाही तर महाराष्ट्र वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा.