कराटे, ज्युदो की कुस्ती? क्लास लावण्यापूर्वी एवढे पाहा

मुलगी सातवी-आठवीत गेली, एस.टी.ने किंवा रिक्षाने एकटी ये-जा करू लागली, की डहाणू-तलासरीच्या वस्त्यांतील आया एक प्रश्न हमखास विचारतात, "पोरीला कराटेला घालू की ज्युदोला? सगळ्यात भारी कुठलं?" प्रश्न रास्त आहे. क्लासची फी, गणवेश, बेल्टच्या परीक्षेचे पैसे म्हणजे हातावर पोट असलेल्या घराची कित्येक दिवसांची मजुरी. त्यातून चुकीचे शिक्षण मिळाले तर पैसे जातातच, वर खोटा आत्मविश्वास येतो, आणि तो जास्त घातक असतो. म्हणून या वेळी आपण हाच विषय घेऊ.

सर्वांत भारी प्रकार कोणता?

हा वाद जगभर चालला. 1993 साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरात वेगवेगळ्या प्रकारचे लढवय्ये एकाच रिंगणात उतरवले गेले. वजनगट नव्हते. जिंकला तो ब्राझीलचा अंगाने सडपातळ रॉयस ग्रेसी. तो प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर घेऊन जखडत असे आणि बाकीच्यांना त्याची सवयच नव्हती. पण पुढे इतरांनीही जमिनीवरची झटापट शिकून घेतली आणि एकाच प्रकाराची सद्दी संपली. आज तिथले खेळाडू ठोसे, लाथा आणि कुस्ती असे सगळेच शिकतात.

त्याच्याही आधीचे उदाहरण अधिक बोलके आहे. जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरातील अवघ्या बारा चटयांच्या जागेत ज्युदो शिकवायला सुरुवात केली. जुन्या विद्येतील हातपाय मोडणारे धोकादायक डाव त्यांनी खुल्या सरावातून बाजूला काढले. त्यामुळे उरलेले डाव मुले रोज, पूर्ण जोर लावून, विरोध करणाऱ्या साथीदारावर करू शकली. नुसते पाठ केलेल्या डावापेक्षा रोज झटापटीत घासलेला डाव वेळेला उपयोगी पडतो.

म्हणजे प्रकाराच्या नावापेक्षा सरावाची पद्धत महत्त्वाची.

कशातून काय मिळते?

*कुस्ती :* तोल, पकड, दम. समोरचा खरोखर जोर लावतो, म्हणून ताकदीचा अंदाज येतो. साताऱ्याच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक आणले, ते याच मातीतल्या तालमीच्या बळावर.

*ज्युदो :* न लागता पडायला शिकवतो. ही विद्या आयुष्यभर उपयोगी, कारण मारामारीपेक्षा घसरून पडण्याचेच प्रसंग जास्त येतात.

*बॉक्सिंग :* ठोसा चुकवणे, पायांची चपळाई. मात्र डोक्याला मार बसण्याचा धोका यात सर्वांत जास्त.

*कराटे, तायक्वांदो :* शिस्त, लवचिकपणा, लाथेचा वेग. मात्र वर्षभर हवेतच हातपाय मारले आणि समोर कोणी उभाच केला नाही, तर ती कवायत होते, बचाव नव्हे.

*कबड्डी :* हिला कोणी बचावाची विद्या म्हणत नाही. पण पाच-सहा जणांच्या पकडीतून निसटून रेषेकडे धावणे हेच तर संकटात करायचे असते. शाळेच्या मैदानावर, बिनखर्चात होते.

क्लासमध्ये जाऊन हे पाहा

एक दिवस स्वतः बसून सराव पाहा. मुले जोडीने, विरोध करत खेळतात का? जोड्या वजन आणि वय पाहून लावतात का? पडण्यासाठी मॅट किंवा मऊ माती आहे का? पालकांना बसू देतात का? "बाहेर थांबा" म्हणणाऱ्या क्लासला नमस्कार करून परत या. दर दोन महिन्यांनी बेल्ट देणाऱ्यापासूनही सावध राहा. प्रशिक्षकाच्या वागण्याबद्दल मूल काही सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवा. चाइल्डलाइनचा क्रमांक 1098 आहे.

तब्येतीची काळजी

डोक्याला मार लागून उलटी, गुंगी, गोंधळल्यासारखे बोलणे किंवा तोल जाणे दिसले, तर "झोप, बरं वाटेल" म्हणू नका. ताबडतोब सरकारी रुग्णालयात न्या. मार किरकोळ वाटला आणि थोडीशी चक्कर किंवा डोकेदुखी असली, तरी त्या दिवशी पुन्हा खेळवू नका.

सिकल सेलची तपासणी आधी करून घ्या. हा फक्त आदिवासी बांधवांचा आजार नाही, विदर्भातील बौद्ध कुटुंबांतही तो बराच आढळतो. आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचा सराव नको. नुसता वाहक असलेला मुलगा सहसा ठणठणीत असतो. पण किनाऱ्याच्या दमट उकाड्यात, पाणी न पिता अंग मोडेस्तोवर पळवले तर त्यालाही त्रास होऊ शकतो. सराव सकाळी किंवा संध्याकाळी ठेवा, मधे मधे पाणी द्या. अंग एकदम गळाले, स्नायू दुखू लागले, धाप लागली तर तिथेच थांबवा आणि दवाखाना गाठा.

वजनगटात बसण्यासाठी मुलाला उपाशी किंवा तहानलेले ठेवणे हा तर गुन्हाच समजा. मुलगी लवकर थकत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. आधी रक्त वाढवू, मग ठोसे.

खरा बचाव

चाळीस किलोची मुलगी आणि सत्तर किलोचा माणूस यांत वजन बोलते. म्हणून तर खेळात वजनगट असतात. मुलीला हरवायला नाही, सुटायला शिकवा : हात सोडव, ओरड, उजेडाकडे आणि माणसांकडे पळ, 112 लाव. त्रास देणारा पुष्कळदा ओळखीचाच असतो. त्याच्याविषयी घरी येऊन सांगितले तर आपल्यालाच बोलणी बसतील, ही भीती तिच्या मनात नसावी. ती काढण्याचे काम कुठल्याही क्लासचे नाही, आपले आहे.

तेव्हा जवळचा, परवडणारा, जोडीने सराव घेणारा आणि पालकांना दार उघडे ठेवणारा क्लास निवडा. तो कुस्तीचा असो वा कराटेचा. आणि मुलीइतकेच मुलालाही शिकवा, की अंगातली ताकद कोणावर उगारायची नसते.