अन्नाची तीन व्रते

एकादशीला आपण भगर खातो. भगर म्हणजे वरईचा तांदूळ. सह्याद्रीच्या उतारावरील वरकस जमिनीत महादेव कोळी, ठाकर, वारली आदी आदिवासी बांधवांनी ही वरई पिढ्यान्‌पिढ्या पिकवली. आपल्याला उपवासापुरते आठवणारे हे धान्य त्यांचे नेहमीचे अन्न. त्याचा आज थोडा विचार करू.

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाविषयी व्रते सांगितली आहेत. अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, अन्न पुष्कळ करावे.

पहिले व्रत आपणच मोडले. नाचणी-वरईला ‘गरिबाचे खाणे’ म्हणून हिणवले. वास्तविक शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते नावापुरतेच.

निंदेमागून अव्हेर आला. धान्य ताटातून गेले, मग बी घरातून गेले. संकरित बियाण्याचे गुण पुढच्या पिढीत टिकत नाहीत, म्हणून ते दरसाल विकत आणावे लागते. मग काय पेरायचे हे दुकान ठरवते, आणि काय खायचे तेही. पोट भरणे निराळे, अन्न आपल्या हाती असणे निराळे.

तिसरे व्रत पाळणारी एक माउली अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी आहे. राहीबाई पोपेरे, महादेव कोळी समाजाच्या. शाळेची पायरी चढल्या नाहीत. पण वाल, घेवडा, भात, नाचणी, वरई यांचे गावठी बी त्यांनी जमवले, जपले, इतरांना देऊन वाढवले. बाएफ संस्थेचे साहाय्य मिळाले, बियाणे बँक उभी राहिली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

कोणी म्हणेल, ‘महाराज, २०२३ साल जगभर भरडधान्यांचे म्हणून पाळले. शहरात नाचणीची बिस्किटे मिळतात. आता चिंता कशाची?’ तर बाबांनो, बिस्किटाने वाण वाचत नाही. ते पेरल्याने वाचते, आणि पिकवणाऱ्याच्या चुलीवर शिजले तरच टिकते. घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे. पण बीच उरले नाही तर त्या हक्काचे काय करायचे?

म्हणून ज्यांना शेत आहे त्यांनी चार ओळी गावठी बियाण्याच्या राखाव्यात. ज्यांना शेत नाही त्यांनी भगर घेताना ती कोणाच्या रानातली, एवढे तरी विचारावे, आणि जमेल तेव्हा पिकवणाऱ्याकडूनच घ्यावी.