मोटारीचा ‘बुश’ : लहान भाग, मोठी जबाबदारी

भिलाईच्या पोलाद कारखान्यात तयार झालेले रूळ देशभरच्या लोहमार्गांवर अंथरले आहेत. मात्र रूळ काँक्रीटच्या स्लीपरवर थेट टेकत नाही. मध्ये रबराची गादी असते. ती धक्के व कंपने शोषून घेते. हेच तत्त्व आपल्या मोटारीतही दडलेले आहे.

चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या टोकाशी ‘बुश’ बसवलेला असतो. एकात एक अशा धातूच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामध्ये घट्ट चिकटलेले रबर, ही त्याची सर्वसाधारण रचना. चाक वर-खाली होताना रबर पीळ घेते व पुन्हा पूर्ववत होते. रबर मऊ असल्यास प्रवास सुखकर होतो, पण वळणावर गाडी किंचित सैल वाटते. ते कठीण असल्यास स्टिअरिंग काटेकोर राहते, पण रस्त्याची थरथर आत पोहोचते. उत्पादक या दोहोंचा मेळ घालतो.

उष्णता, तेल व वय यांमुळे रबर तडकते. मग गतिरोधकावर ‘खट्-खट्’ आवाज येतो, टायर एका कडेने झिजतो आणि ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढली जाते. तेव्हा प्रश्न सुखाचा नसून सुरक्षिततेचा असतो.

रबरी बुश बदलल्यावर बोल्ट अखेरचे आवळताना गाडीचा भार चाकांवर असावा. चाके अधांतरी असताना आवळल्यास रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. नंतर व्हील अलाइनमेंट अवश्य करावे.

वाहनकर्जाचे हप्ते वेळेवर फेडणाऱ्या वाचकांनी रबराच्या या लहानशा देण्याचीही थकबाकी ठेवू नये.