रथाची निवृत्ती : विज्ञानकथेतील वाहनाचे आयुष्य

त्र्यंबकेश्वरी त्रिपुरारी पौर्णिमेला होणाऱ्या रथोत्सवामागे त्रिपुरदहनाची कथा आहे. महाभारताच्या कर्णपर्वात त्या प्रसंगासाठी पृथ्वीचा रथ होतो, सूर्य-चंद्र त्याची चाके होतात, ब्रह्मदेव सारथ्य करतो. तिन्ही पुरे जळताच त्या रथाचे प्रयोजन संपते. उत्सवातील रथ मात्र दर कार्तिकात निघतो. एकदाच घडणाऱ्या कथेला वाहन सोडून देता येते. पुनरावृत्तीवर जगणाऱ्या प्रकाराला ते टिकवावे लागते.

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन चित्रपटमालेतील ‘एंटरप्राइझ’ यानाचा विचार या भेदाच्या आधारे करणे उद्बोधक ठरेल. १९८४ च्या चित्रपटात ते नष्ट होते. १९८६ मध्ये त्याच नावाचे, क्रमांकापुढे केवळ ‘ए’ जोडलेले यान येते आणि १९९१ मध्ये तेही निवृत्त करण्याचा आदेश निघतो. याचे कारण यंत्राच्या झिजेत शोधणे व्यर्थ होय. त्या चित्रपटात जुना नायकवर्गच एकत्रितपणे निरोप घेतो; यान त्याच्याबरोबर जाते. नव्या पिढीचे ‘डी’ यान तर १९८७ पासूनच दूरचित्रवाणीवर वावरत होते!

मराठीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ (१९७९) मधील कथा परस्परांपासून स्वतंत्र आहेत; नियतकालिके व दिवाळी अंक यांवर पोसलेली आपली विज्ञानकथा बहुतांशी तशीच आहे. तिच्यातील यान म्हातारे होण्याइतके जगतच नाही. त्याला व्यक्तित्व नाही, हा आक्षेप लेखकाच्या प्रतिभेवर घेण्यापूर्वी समीक्षकाने कथाप्रकाराकडे पाहावयास हवे.