लकवा, सोंग की आणखी काही?



घटक चाचणीच्या सकाळी माझ्या वर्गातल्या एका मुलीचा उजवा हात एकदम लुळा पडला. पेन धरवेना. "अंगावरून वारं गेलं" म्हणत आम्ही तिला दवाखान्यात नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या, मेंदूचा रक्तपुरवठा व्यवस्थित निघाला. चार दिवसांनी मधल्या सुट्टीत चेंडू अंगावर आला आणि तिने तो त्याच हाताने झेलला! "बाई, नाटक करत होती ही!" मुलं ओरडली. खरं सांगते, क्षणभर मलाही तसंच वाटलं.

पण ते नाटक नव्हतं. मेंदूला इजा नसते, शिरा शाबूत असतात, तरी हालचालीचा हुकूम नीट पोचत नाही. याला फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. पूर्वी हिस्टेरिया म्हणायचे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी अशा रुग्णांचा अभ्यास केला होता. गंमत अशी, की लक्ष देऊन हात हलवायला गेलं तर हलत नाही, लक्ष दुसरीकडे गेलं की हलतो. डॉक्टर हूवर यांनी 1908 मध्ये यावरच एक खूण सांगितली. झोपलेल्या रुग्णाला दुबळ्या पायाची टाच खाली दाबायला सांगितली तर जमत नाही. पण दुसरा पाय जोर लावून उचलायला सांगितला की तीच टाच आपोआप दाबली जाते. चेंडूचं कोडं मला इथे सुटलं. ताण हे एक कारण असू शकतं, पण दरवेळी सापडेलच असं नाही.

दुसरा प्रकार घबराटीच्या झटक्याचा, म्हणजे पॅनिक अटॅकचा. भरभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मग ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, बोटं वाकडी होतात, चक्कर येते. घरच्यांना वाटतं, लकवाच!

आता महत्त्वाचं. हे वाचून कोणी घरीच "टेन्शन असेल" असं ठरवू नका हं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोबडी वळली, तर लगेच 108 ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे पाहून. पाणी, गोळी काही तोंडात घालू नका. लहान मुलांनाही क्वचित खरा पक्षाघात होतो.

आमच्या मुलीला समुपदेशन आणि व्यायाम सुरू झाले. वर्गाला मी एवढंच सांगितलं, "तिचा हात आजारी आहे, बरा होतोय." शुद्धलेखनाऐवजी आधी रांगोळीचे ठिपके काढायला दिले. बोलता बोलता तिने सगळी पाटी भरली.