वारीची पिशवी आणि पाणी



आषाढी वारीला आपल्यातले बरेच जण पायी जातात. पिशवी भरताना एक हिशेब ध्यानात ठेवावा : १ लिटर पाणी म्हणजे १ किलो ओझे. म्हणून पाण्याला जागा आधी, बाकी सामान मागाहून. कपड्यांचा एक जोड, चादर, प्लास्टिकचा कागद, रोजची औषधे एवढे पुरे. जड वस्तू पाठीलगत ठेवावी. आठ दिवस आधी भरल्या पिशवीनिशी बांधावरून चालून पाहावे. खांदा काचला तर घरीच कळेल.

पुणे-सासवड टप्पा लांबचा, त्यात दिवे घाटाची चढण. तिथे तहानेची वाट न बघता थोडे थोडे पाणी पीत राहावे. वाटेतल्या विहिरीचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

जुलाब लागले तर अंगातले पाणी झपाट्याने जाते आणि तेच जिवावर बेतते. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे. मीठ जास्त पडता कामा नये. ग्लानी आली, लघवी थांबली, तर थेट दवाखाना गाठावा.

तेव्हा कारखान्याच्या साखरेची एक पुडी मिठासोबत पिशवीत असू द्या. पिकवली आपणच, वेळेला आपल्याच कामी येईल.