आपल्या हातात काय आहे?



पाऊस दगा देतो, कर्ज वाढते आणि माणूस म्हणतो, "फादर, आमच्या हातात काय आहे?" वारंवार हरलेले मन पुढे प्रयत्नच सोडते. मानसशास्त्रात यास 'शिकलेली असहायता' म्हणतात.

१९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन व स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. चुकवता न येणारे विजेचे धक्के सोसलेली बरीच कुत्री, पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागची हलली नाहीत. पट्टा धरून त्यांना पुन्हा पुन्हा पलीकडे ओढून न्यावे लागले; मगच ती स्वतःहून जाऊ लागली. २०१६ साली या दोघांनी आपले मत सुधारले : सततच्या त्रासापुढे गळून जाणे शिकावे लागत नाही, ते आपोआप घडते, 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे मात्र शिकावे लागते. म्हणून हताश माणसाला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

हे शिकणे आपल्याच भागात घडले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लोहारा तालुक्यातील सास्तूरसह अनेक गावे उद्ध्वस्त केली. दगडमातीच्या भिंती व जड माळवदे यांखाली माणसे गाडली गेली. पुढे घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या सरकारी कार्यक्रमात, 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने, गावोगावच्या स्त्रिया 'संवाद सहायक' झाल्या. त्यांनी योजनेची माहिती घरोघरी नेली, बांधकामातले बारकावे समजून घेतले, कामावर लक्ष ठेवले. भूकंप थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. भिंत पक्की करून घेणे होते. २००१ च्या भूकंपानंतर यांच्यापैकी काहीजणी गुजरातच्या भूकंपग्रस्तांना अनुभव सांगायला गेल्या.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडून असलेल्या, ३८ वर्षे आजारी असलेल्या माणसाचीही हीच तक्रार होती : आपल्याला पाण्यात सोडणारे कोणी नाही. प्रभू येशूने त्याला दोष दिला नाही. आधी त्याची इच्छा विचारली, मग त्याला स्वतःची खाट उचलायला लावली.

या आठवड्यात आपण एका कागदावर दोन रकाने करू या : माझ्या हाती नसलेले आणि माझ्या हाती असलेले. दुसऱ्या रकान्यातील सर्वांत लहान काम शनिवारपर्यंत पुरे करू. शेजारी कोणी खचून बसला असेल, तर त्याला उपदेश नको. बँकेपर्यंत किंवा दवाखान्यापर्यंत त्याच्यासोबत चालत जाऊ. पहिले पाऊल अनेकदा दुसऱ्याचा हात धरूनच पडते.